अज्जाचं गारगार

वेंकटेशने पेढ्यांचा पुडा टेबलावर ठेवला आणि खुर्चीत पुरता टेकायच्या आतच म्हणाला, "सुधींद्रा, तो दह्याचा किस्सा सांग की. पोरगी तेवढीच हसेल."

सुधींद्र तेव्हा फ्रिजपुढे पाठमोरा उभा होता. फ्रीझरचं दार उघडं होतं आणि दोन्ही हातांत स्टीलचं ताट होतं, चिक्कूचा चक्का पसरून घट्ट गोठवलेलं. किस्सा हा शब्द कानावर पडला आणि त्याचे हात जागच्या जागी थांबले. बोटं ताटाच्या काठाला चिकटली, गारठा मनगटापर्यंत चढला, तरी त्याला ताट बाहेर काढवेना. काढलं की मागे वळावं लागणार होतं, आणि मागे टेबलाशी माणसं बसली होती. वेंकटेश, कॉलेजच्या दिवसांपासूनचा मित्र, जुन्या हुबळीहून मुद्दाम बस धरून आलेला. सून मेधा, उद्या दवाखान्यात न्यायच्या पिशवीत टॉवेल, पाण्याची बाटली, जुने रिपोर्ट असं एकेक भरत असलेली. आणि मेधाला रेलून बसलेली नात वेदश्री, जिला उद्या सकाळी हुबळीत भूल देऊन, तोंडावाटे नळी घालून, आतड्यात काय बिघडलंय ते पाहायचं होतं. काय बिघडलंय याचं कोडं डॉक्टरांना सुटत नव्हतं, मेधाला सुटत नव्हतं, बेंगळूरहून आज रात्रीच्या गाडीने निघणाऱ्या तिच्या नवऱ्याला, श्रीहर्षला सुटत नव्हतं. उत्तर ठाऊक असलेला माणूस या घरात एकच होता, आणि तो फ्रीझरमध्ये तोंड घालून उभा होता.

"आई, हे चालतं?" वेदश्रीने विचारलं. वेंकटेशने पुडा सोडला असणार. भाजलेल्या खव्याचा वास खोलीत आला. "नको गं राणी, दुकानातलं आहे. त्यांच्या हाताला काय काय लागलेलं असतं," मेधा म्हणाली, आणि वेंकटेशला वाईट वाटू नये म्हणून पुढे म्हणाली, "काका, तुम्ही घ्या की. तिला आता सवय आहे." सवय होतीच. गेल्या दोन वर्षांत या पोरीने जगातल्या प्रत्येक खाण्याला हा एकच प्रश्न विचारला होता. शाळेतल्या वाढदिवसाच्या चॉकलेटला, देवळातल्या प्रसादाला, शेजारच्या कुंडीतल्या तुळशीच्या पानालासुद्धा. हे चालतं? विचारायची आणि आईच्या तोंडाकडे बघत थांबायची. नको म्हटलं की हट्ट नाही, रडणं नाही, हात मागे. सुधींद्रला तो मागे येणारा हात पाहवत नसे. त्या हातात काहीतरी द्यावं म्हणूनच त्याने उतारवयात चक्का टांगायला सुरुवात केली होती, ही गोष्टही तितकीच खरी होती. पुढे जे झालं त्यामुळे ती खोटी ठरत नव्हती, हेच तर त्याला जास्त छळत होतं.

रोग काही सुधींद्रच्या कल्पनेतला नव्हता. पोर वाढेना, पोट फुगलेलं, हातापायांच्या काड्या, सारखी मलूल. तपासण्या झाल्या, एकदा नळीही घालून झाली, आणि निदान निघालं की हिला गहू सोसत नाही. गव्हातलं ते ग्लूटेन नावाचं चिकट द्रव्य हिच्या आतड्याला जाळतं, आणि आता जन्मभर गहू बंद. सुधींद्रला वाटलं होतं, त्यात एवढं काय, धारवाडात ज्वारीची भाकरी खाऊनच माणसं मोठी झाली. पण भाकरीवर भागलं नाही. मेधाने आधी गिरण बंद केली, कारण गिरणीत ज्वारीच्या आधी कुणाचा गहू दळला असेल सांगता येत नाही. घरी छोटी चक्की आली. मग बाजारचा हिंग गेला, त्यात गव्हाचं पीठ असतं म्हणून. वेदश्रीची भांडी वेगळी झाली, त्यांना निळा रंग लागला. तिचा पोळपाट वेगळा, तिचं फडकं वेगळं, फ्रिजमधला वरचा कप्पा तिचा आणि त्याला कुणी शिवायचं नाही. पोळी मोडलेल्या हाताने दह्याला, लोण्याला, लोणच्याला हात लावायचा नाही, आधी हात धुवायचे. मेधा हे सगळं न ओरडता, न थकता करत होती. आणि सुधींद्र धारवाडच्या सप्तापूरमधल्या त्या लहानशा घरात वर्तमानपत्र पुढे धरून बसल्या बसल्या हे पाहत होता आणि त्याच्या मनात एक जुनी अढी हळूहळू वर येत होती. हे त्याने आधी पाहिलेलं होतं. हे त्याने स्वतः या घराण्यातून हाकलून दिलेलं होतं.

तोच तो किस्सा. वर्गात, स्टाफरूममध्ये, स्वतःच्या निरोपसमारंभात, श्रीहर्षच्या लग्नातल्या पंगतीत, सुधींद्रने तो इतक्यांदा सांगितला होता की कुठे थांबायचं आणि कुठे चष्मा पुसायचा हेसुद्धा ठरून गेलेलं होतं. त्याची आई, तिला घरात सगळे अक्काच म्हणत, मडीची बाई. मडी म्हणजे सोवळं, आणि तेही धारवाडी माध्व ब्राह्मणांच्या घरातलं, म्हणजे वाटेला जाण्यात अर्थ नाही. भाताला शिवलेला हात खरकटा; तो धुतल्याशिवाय दह्यादुधाला लावायचा नाही. दह्याची दगडी कोनाड्यात वेगळी, तिच्यावरचं झाकण वेगळं, तिचा डाव वेगळा. सुधींद्र तेव्हा एम.एस्सी. करत होता, रसायनशास्त्र डोक्यात नवीन नवीन शिरलेलं, आणि शिरलेलं शास्त्र घरच्यांवर वापरल्याशिवाय त्या वयात चैन पडत नाही. त्याने एके दिवशी शिजलेल्या भाताची दोन शितं बोटांनी चुरडली आणि गुपचूप अक्काच्या दह्यात कालवली. अक्का ताकभात जेवली. तिला काही झालं नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा, तिसऱ्या दिवशी पुन्हा. आणि मग वेंकटेश आणि आणखी काही मित्र जेवायला असताना त्याने भर पंगतीत विचारलं, "अक्का, किती दिवस खरकटं दही खातेयस माहीत आहे? कुठे काय झालं तुला?" इथे ऐकणारे हसायचे. सुधींद्र चष्मा पुसायचा आणि म्हणायचा, "त्या दिवशी आमच्या घरातलं सोवळं संपलं." किस्सा संपला.

कौसल्या, त्याची बायको, किस्सा सुरू झाला की कसलंतरी निमित्त काढून आत उठून जायची. तिने हजार वेळा ऐकलाय, कंटाळली असेल, असं तो समजायचा. कौसल्या जाऊन आता चार वर्षं झाली होती, आणि ती का उठून जायची हे त्याला गेल्या पंधरवड्यात कळलं होतं.

गारगार हे नाव वेदश्रीचं. पहिल्यांदा त्याने आंब्याचा रस आणि दही एकत्र करून बर्फाच्या साच्यात घातलं होतं, ते दगड झालं. चाटून चाटून पोरीची जीभ बधिर झाली. मग तो शिकत गेला. दही ताजं हवं, आंबट नको. फडक्यात बांधून नळाला टांगलं की पाणी निथळतं, चक्का होतो, आणि चक्क्यात पाणी कमी म्हणून बर्फाच्या काड्या धरत नाहीत. फळ पिकलेलं हवं, म्हणजे साखर कमी लागते. चिक्कू चांगला, केळं त्याहून चांगलं, केळ्याने मऊपणा येतो. धारवाडी पेरू वाफवून, बिया गाळून घातला तर पोरगी डोळे मिटून खाते. द्राक्षं अख्खी वरून खोचायची. ताटाला कागद लावायचा, मिश्रण बोटभर पसरायचं, गोठलं की चिक्कीसारखं मोडायचं आणि निळ्या डब्यात भरायचं. प्रयोगशाळेत आयुष्य काढलेल्या माणसाला यात मजा वाटू लागली. शाळेत कुणाचा वाढदिवस असला की वेदश्री थर्मासच्या डब्यात गारगार घेऊन जायची, आणि केक मिळत नाही म्हणून मागे बसणारी पोरगी आता पुढे बसू लागली, कारण बाकीची मुलं केक खाऊन तिच्याकडे गारगार मागायला येत. "अज्जा, आज सगळ्यांनी मागितलं," ती दारातूनच ओरडत यायची. त्या ओरडण्याइतकं सुख त्याला निवृत्तीनंतर दुसऱ्या कशाने दिलं नव्हतं. आणि त्या गारगारला ती कधीही, चुकूनसुद्धा, हे चालतं का, असं विचारत नसे. डब्यात हात घालायची आणि तोंडात टाकायची.

मग ती दुपार. वेंकटेशच आला होता त्या दिवशीही. जेवताना गप्पा रंगल्या होत्या, सुधींद्रने पोळीचा घास मोडला होता आणि बोलता बोलता उजवा हात दह्याच्या निळ्या भांड्याकडे गेला. "अण्णा, हात," मेधा म्हणाली. एवढंच. आवाज चढलेला नव्हता, कपाळावर आठी नव्हती. पण वेंकटेश हसला आणि म्हणाला, "नोडप्पा, बघ बाबा, अक्काची मडी परत आली तुझ्या घरात." मेधालाही हसू आलं. सुधींद्र उठला, मोरीत गेला, साबणाने हात धुतले, आणि नळाखाली ते हात धरून तसाच उभा राहिला. कान तापले होते. जे त्याने तरुणपणी, एका झटक्यात, सगळ्यांच्या देखत मोडून टाकलं होतं, ते आज त्याच्याच घरात त्याच्याच हाताला अडवून गेलं होतं, आणि ज्या मित्राने तो विजय पाहिला होता त्यानेच आजचा पराभव पाहिला होता. एवढ्याशा गोष्टीने माणसाचं इतकं बिनसावं का? बिनसलं खरं. रोग असेल, नाही कोण म्हणतो, पण एका पोळीच्या कणाने? हाताला लागलेल्या पिठाने? हे शास्त्र नव्हे, हा बागुलबुवा. आई लोकांना भीती आवडते. आणि बागुलबुवा आहे की नाही हे कळायचा मार्ग त्याला ठाऊक होता. ज्याच्यावर प्रयोग करायचा त्याला सांगायचं नाही.

चक्का फेटून झाला की एक चिमूट कणीक. रंग दिसत नव्हता, चव लागत नव्हती. पहिल्यांदा चिमूट सोडली तेव्हा बोटं जराशी अडखळली होती, हे त्याला लख्ख आठवत होतं. ती अडखळली नसती तर फार बरं झालं असतं, मग नकळत झालं असं म्हणता आलं असतं. वेदश्री शाळेतून आली, दोन तुकडे खाल्ले, अंगणात लंगडी खेळली. काही झालं नाही. तो दिवसभर तिच्याकडे चोरून पाहत होता. दुसऱ्या दिवशीही काही नाही. त्याला आनंद झाला. हो, आनंदच, नातीला काही होत नाही याचा आनंद आहे अशी त्याने स्वतःची समजूत घातली, पण त्या आनंदाला दुसरीच चव होती. मनातल्या मनात त्याने पंगतसुद्धा मांडून पाहिली. श्रीहर्ष आलेला आहे, वेंकटेश आहे, मेधा वाढते आहे, आणि आपण चष्मा पुसत म्हणतोय, मेधा, ही पोर किती दिवस गहू खातेय माहीत आहे? जुन्या किस्स्याला आता जोड मिळणार होती. पुरावा पक्का हवा म्हणून तो रोज घालत राहिला.

आधी तिने लंगडी खेळणं सोडलं. मग तोंड आलं, जिभेवर पांढरे फोड, गारगारच तेवढं गार म्हणून बरं वाटतं म्हणायची. मग पोट. एका सकाळी ती मोरीच्या उंबऱ्याशी दोन्ही हातांनी पोट धरून बसलेली होती आणि रडतही नव्हती. रडायला लागणारा जोर तिच्यात नव्हता. शाळेच्या गॅदरिंगमधला तिचा नाच हुकला. तो घागरा अजून कपाटाच्या दाराला टांगलेला होता. सुधींद्रने त्या सकाळी कणकेच्या डब्याकडे पाहिलं. त्या क्षणापासून चिमूट बंद. त्याने ताटं राखेने घासली, फडकी उकळली, मिक्सरची पाती काढून दाताच्या ब्रशने धुतली. आता गारगारमध्ये दही आणि फळ यांच्याखेरीज काही नव्हतं. पण एकदा जाळलेलं आतडं फडक्यासारखं उकळून स्वच्छ होत नाही. रक्ताचा रिपोर्ट आला, तो पहिल्या निदानाच्या वेळेइतका वाईट होता. डॉक्टरांनी मेधाला पुन्हा पुन्हा विचारलं, कुठून जातंय का गहू? नीट आठवा. मेधा म्हणाली, शक्यच नाही. "मग काहीतरी वेगळं असेल," डॉक्टर म्हणाले, "इतकं कडक पाळून असं होत असेल तर आत पाहायला हवं."

मेधाने मग घर पिंजून काढलं. मसाल्याचा डबा ओतून टाकला, चक्की उघडून दगड झाडला, शाळेत जाऊन बाईंशी भांडली, परत येऊन त्यांची माफी मागितली. सगळं संपल्यावर तिने स्वतःलाच धरलं. एका संध्याकाळी ओट्याशी पाठ लावून ती जमिनीवर बसली होती. "अण्णा, माझंच काहीतरी चुकतंय. मी कॉलेजला शिकवायला जाते, मला घाई असते. मी कुठेतरी हात धुवायला विसरले असेन." सुधींद्र चक्का बांधत होता. त्याने फडक्याला गाठ मारली, सोडली, पुन्हा मारली. आत्ता सांग, असं त्याच्या मनाने म्हटलं, आणि हातांनी गाठ पुन्हा सोडली. मेधा डोळे पुसून उठली आणि म्हणाली, "बरं आहे, तुमचं गारगार तरी आहे. घरातल्या बाकी सगळ्यावर माझा डोळा असतो. तेवढं तुम्ही करता म्हणून मी बघत नाही."

तेव्हा त्याला अक्का आठवली. म्हणजे किस्स्यातली नव्हे, ती तोंड उघडत नसे, तर खरी अक्का. भर पंगतीत मित्र हसत होते आणि अक्का ताकभाताचा घास हातात धरून बसली होती. ती रागावली नव्हती. त्या दिवसांत दही तो स्वतःच वाढायचा तिला, नाहीतर तिने शितं पाहिली असती. दगडी हातात घेऊन तो म्हणायचा, अक्का तू बस, मी वाढतो. पोरगा हाताने वाढतो म्हणून ती सुखावली होती, शेजारणीला सांगत होती. तिने घास पानात खाली ठेवला आणि अगदी हळू, त्याच्या एकट्याच्या कानापुरतं म्हणाली, "तू वाढत होतास म्हणून मी बघितलं नाही रे." आणि उठली. त्यानंतर अक्काने जन्मात दही खाल्लं नाही. ताकभाताशिवाय जिचं जेवण जेवणच नव्हतं, ती शेवटचा भात मीठपाण्याशी कालवून खायची, मरेपर्यंत. कौसल्या सून म्हणून घरात आली तेव्हा तिने विचारलं असणार, अक्का, तुम्ही ताक का घेत नाही? अक्काने सांगितलंही असणार. सोवळं संपलं होतं ते असं. अक्काला कुणाच्या हातचं खावं हे कळेनासं झालं होतं. आणि तो हे सगळं इतकी वर्षं, चष्मा पुसत, लोकांना हसवायला सांगत आला होता.

सांगायचं हे त्याने ठरवलं होतं. नळीची तारीख ठरली तेव्हाच ठरवलं होतं. तारखेला अवधी होता म्हणून त्या दिवशी नाही, श्रीहर्ष फोनवर होता म्हणून दुसऱ्या दिवशी नाही, मेधाचं डोकं दुखत होतं म्हणून तिसऱ्या दिवशी नाही. प्रत्येक दिवसाला कारण सापडत गेलं, आणि तीसुद्धा चांगली, दुसऱ्याच्या काळजीची कारणं. मग एक वेगळाच विचार सुचला: नळी घातली तरी काय मोठंसं होतंय, भूल असते, दुखत नाही, आणि आत जखमा दिसतील, गहू जातोय एवढं कळेल, कुणी घातला हे थोडंच दिसणार आहे? हा विचार आपल्याला सुचला, याची त्याला विलक्षण लाज वाटली. आरशासमोर दाढी करताना त्याने तोंड फिरवून घेतलं आणि हनुवटी कापून घेतली. आता तारीख उद्यावर आली होती. वेदश्रीला संध्याकाळनंतर काही खायचं नव्हतं, म्हणून तिने सकाळीच सांगून ठेवलं होतं, अज्जा, आज चिक्कूचं.

"अरे, दार लाव की फ्रिजचं, सगळं वितळेल," वेंकटेश म्हणाला. सुधींद्रने दार लावलं आणि वळला. ताट टेबलावर ठेवलं, कागद सोडवला, वेदश्रीच्या निळ्या सुरीने पाटी मोडली. कटकट आवाज झाला. पोरीने तुकडा उचलला. न विचारता, नेहमीसारखा. तो अजून फार टणक होता म्हणून ती तो दोन बोटांत धरून फुंकू लागली. गरम वस्तूला फुंकतात तशी गार वस्तूलाही फुंकायची तिची सवय होती.

"हा नाही सांगत तर मी सांगतो," वेंकटेशला राहवलं नाही. "वेदू, तुझी पणजी होती बघ, अज्जाची आई. भारी मडी तिची. तुझी आई करते ना, हात धू, हे शिवू नको, तस्संच." मेधा पिशवीची चेन ओढता ओढता थकलेलं हसली. वेंकटेशला किस्सा चांगला पाठ होता, त्याने शितं सांगितली, दगडी सांगितली, अक्का कशी रोज ताकभात चापून जेवत होती ते हाताने करून दाखवलं. वेदश्री ऐकत होती. सगळं सांगून झाल्यावर तो सुधींद्रकडे वळला, शेवटचं वाक्य त्याचं होतं म्हणून.

"मग पणजीला त्रास झाला?" वेदश्रीने विचारलं.

"छे गं. काही सुद्धा झालं नाही. तीच तर गंमत."

"झाला," सुधींद्र म्हणाला.

वेंकटेशचा हात पेढ्याकडे जाता जाता थांबला. "एनप्पा? काय झालं होतं? मी होतो की तिथे."

"तिने परत दही खाल्लं नाही. कधीच." आवाज आपलाच आहे का, अशी सुधींद्रला शंका आली, तो फार पातळ येत होता. त्याने खुर्चीची पाठ धरली. मेधाकडे पाहायचं असं त्याने ठरवलं होतं, पण पाहिलं ते पिशवीकडे, तिच्यातून वर आलेल्या टॉवेलच्या टोकाकडे. "मेधा, उद्या जायला नको. नळी घालायला नको तिला. मी घालत होतो."

"काय घालत होता?"

"कणीक. गारगारमध्ये. चिमूटभर, रोज. ती आजारी पडेपर्यंत."

मेधाला ते कळलं नाही, किंवा कळलं आणि आत जाईना. कुणी भलत्याच गावचं नाव सांगावं तसं तिने त्याच्याकडे पाहिलं. "चुकून?" तिने विचारलं, आणि तिच्या आवाजात इतकी आशा होती की हो म्हणावं असं त्याला वाटून गेलं. एक अक्षर पुरलं असतं. चुकून म्हटलं असतं तर तिने रडून, रागावून, शेवटी त्याला माफही केलं असतं, आणि नळीही टळली असती.

"नाही. बघायला."

"काय बघायला अण्णा?"

"काही होतं का ते."

वेंकटेश उठला आणि काय करावं न सुचून पुन्हा बसला. बाहेर सप्तापूरच्या चढावरून एक रिक्षा आवाज करत गेली. मेधा ओरडेल, पिशवी फेकेल, वाट्टेल ते बोलेल, अशी सुधींद्र वाट पाहत होता. बोलली असती तर ते त्याला हवंच होतं. पण तिने पिशवीवरचा हात काढला आणि वेदश्रीला किंचित, अगदी किंचित, स्वतःकडे ओढून घेतलं. ती ओढ सुधींद्रने पाहिली. आपण टेबलाच्या या बाजूला आहोत आणि त्या दोघी त्या बाजूला, हे त्याला त्या बोटभर अंतरात कळलं.

वेदश्रीला सगळं समजलं नसावं. कणीक हा शब्द मात्र तिला समजत होता, घरातला सगळ्यात वाईट शब्द होता तो तिच्यासाठी. ती अज्जाकडे पाहत राहिली. रागाने नाही, शाळेत नवीन बाई आल्या की मुलं पाहतात, तशी. मग तिने बोटांतल्या तुकड्याकडे पाहिलं. त्याच्या कडा आता मऊ झाल्या होत्या. आज त्यात चिक्कू होता, केळं होतं, घरी लावलेलं दही होतं आणि बाकी काही नव्हतं. ताटं राखेने घासलेली, फडकं उकळलेलं. हे जगात फक्त सुधींद्रला माहीत होतं.

पोरीने तुकडा तोंडाजवळून खाली आणला आणि आईकडे मान वळवली.

"आई," तिने विचारलं, "हे चालतं?"

सुधींद्रही खुर्चीची पाठ धरून उत्तराची वाट पाहत उभा राहिला. चिक्कूचं पाणी पोरीच्या मनगटावरून कोपराकडे ओघळत गेलं, आणि ती हात तसाच धरून थांबली होती.